यांची सरकारी वकिली

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सगळा जन्म मी त्यांना ‘हे’ म्हणत आले, तेव्हा इथेही ‘हे’च म्हणेन. गोंदियात लोक त्यांना वकीलसाब म्हणत. सासूबाई मात्र त्यांचे केस पिकले तरी ‘पोरगा’च म्हणत. ‘पोरगा कोर्टात गेला’, ‘पोराले ताक दे’, असं.

माझं सासर कामठ्याजवळच्या एका खेड्यात. घर धानाचं, म्हणजे भातशेतीचं. त्या घरातून शिकायला बाहेर पडलेले हे पहिलेच. आधी भंडाऱ्याला, मग नागपूरला. वकिलीची परीक्षा देऊन परत आले तेव्हा वकील नेमका काय करतो, हेच गावात कोणाला ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्याने विचारलं, “म्हनजे तू भांडतेस?”

“हो. दुसऱ्याचं भांडतो.”

“आपलं कमी हाय का?” म्हातारा म्हणाला.

हा किस्सा हे स्वतःच सांगत आणि सांगताना पोट धरून हसत.

लग्न होऊन मी आले तेव्हा यांनी गोंदियात बिऱ्हाड केलं होतं. गाव रेल्वेने वाढवलेलं. स्टेशनापाशी धानाच्या गाड्यांची रांग, भोवती व्यापाऱ्यांच्या कोठ्या, आणि बाजारात मराठीत भाव विचारला तर उत्तर हिंदीत. मला पहिली दोन वर्षं भाजी घेतानाही घाम फुटायचा. यांना मात्र ज्याची जी भाषा असेल तिच्यात बोलायची सवय होती. व्यापाऱ्याशी हिंदी, घरी आईशी पवारी बोली, पक्षकाराशी झाडी बोली. सकाळी पडवीत माणसं येऊन बसत. हे कोणालाही मध्येच तोडत नसत. माणूस बांधावरून सुरू होऊन आजोबाच्या लग्नापर्यंत गेला तरी ऐकत. मी आतून चिडायची. स्वयंपाक निवून जायचा. पण ऐकून झाल्यावर पुष्कळदा म्हणत, “याच्यात कोर्टाचं काम नाही. तुह्या भावाले घेऊन ये उद्या.” भाऊ यायचा, दोघं पडवीतच भांडायचे आणि पडवीतच मिटवायचे. बाकीचे वकील यांना हसत. म्हणत, हा माणूस आपलंच दुकान बंद करून राहिला.

आठवडी बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या गोंड बायका चारोळी, डिंक, मोहफुलं घेऊन आमच्या दारावरून जात. हे पडवीत असले की त्यांच्याशी गोंडीत बोलायचे. बायका पदर तोंडाला लावून हसत सुटायच्या. पहिल्यांदा मी विचारलं, “काय म्हटलं तुम्ही?”

“काही नाही. म्हटलं, टोपलीपेक्षा चुंबळ मोठी दिसून राहिली.”

“आणि ही भाषा तुम्हाला कशी येते?”

तेव्हा कळलं. यांच्या पाठच्या बाळंतपणानंतर सासूबाई काही वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. तेव्हा यांना मामाकडे ठेवलं होतं, सडक अर्जुनीच्या पलीकडे, रानातल्या गावात. मामाची गुरं राखणारं एक गोंड कुटुंब होतं. त्या घरातली म्हातारी यांना सांभाळायची. हे तिच्याच घरी जेवत, तिच्याच नातवंडांत झोपत. बोलायला लागले ते गोंडीतच. पुढे गावी परत आणलं तेव्हा सख्ख्या आईशी बोलायला यांना शब्द सुचेनात. सासूबाई ही गोष्ट सांगताना हसत, पण डोळे पुसत.

वकिली चांगली चालली. मुलं झाली. एक दिवस भंडाऱ्याहून, म्हणजे तेव्हाच्या आमच्या जिल्ह्याच्या गावाहून, बातमी आली की यांना जिल्ह्याचा सरकारी वकील नेमलं आहे. म्हणजे खून-दरोड्याचे खटले सेशनमध्ये चालत, त्यांत सरकारच्या बाजूने उभं राहायचं. घरी पेढे आले. ज्यांनी कधी रामराम केला नव्हता ते पायऱ्या चढून आले. सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि जेवताना विचारलं, “फाशी देतेत, ते तूच करशील का आता?”

“फाशी जज्ज देते, माय.”

“पन मांगनारा त तूच ना?”

यांचा हात ताटातच राहिला. म्हणाले, “हो. मांगनारा मीच.”

सासूबाईंनी यांच्या भातावर आणखी वरण वाढलं.

त्यानंतर काही वर्षं हे गोंदिया-भंडारा करत राहिले. गाडीने भंडारा रोडला उतरायचं, तिथून टांगा. खटला असला की दोन-दोन आठवडे तिकडेच. काम चोख होतं असं सगळे म्हणत. गोऱ्या साहेब लोकांचा यांच्यावर भरवसा होता. पोलिसांनी कच्चा कागद आणला तर हे परत पाठवत. पुरावा पक्का असला तर मागे हटत नसत. मला त्यातलं फार कळत नव्हतं, आणि हे घरी त्याबद्दल बोलत नसत.

एका उन्हाळ्यात मोहफुलाचा हंगाम संपता संपता एक गोंड म्हातारी आमच्या फाटकाशी येऊन बसली. सोबत कोणी नाही, पाय भेगाळलेले, हातात एक गाठोडं. हे भंडाऱ्याहून यायचे होते. मी तिला आत बोलावलं तर येईना. पाणी दिलं, ते प्याली. भाकर दिली, ती पदरात बांधून ठेवली. मोडक्या झाडी बोलीत तिने मला सांगितलं, “माह्या पोरानं नाई मारला. वकीलले सांगजो, बाई. माह्या पोरानं नाई मारला.”

हळूहळू तिच्याकडून कळलं. तिला दोन मुलगे. धाकटा मेला, आणि त्याच्या खुनासाठी थोरल्याला धरलं होतं. एक गेला होता आणि दुसरा जाणार होता.

हे संध्याकाळी आले. मी हातपाय धुवायला पाणी देतादेताच सगळं सांगितलं. माझी खात्री होती की हे लगेच बाहेर जातील, तिच्याजवळ बसतील, तिच्या भाषेत बोलतील. यांचा चेहरा बदलला. म्हणाले, “मी तिला भेटू शकत नाही.”

“काऊन?”

“त्या खटल्यात मी समोरचा आहे. फिर्याद सरकारची. तिला जेवू घाल, झोपायला जागा दे, तिला पाहिजे तितके दिवस राहू दे. पण मी तिच्याशी बोलणार नाही.”

आणि खरंच बोलले नाहीत. म्हातारी गोठ्याच्या पडवीत राहिली तोवर हे मागच्या दाराने ये-जा करत. मला इतका राग आला की मी यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले. ज्या जातीच्या बाईने यांना लहानाचं मोठं केलं, तिच्याच जातीची एक माय दारात बसली आहे आणि हे चोरासारखे मागून जातात! शेवटी मी म्हटलं, “तुम्ही नाही बोलत तर नका बोलू. पण तिला भंडाऱ्याला कोण नेईल? मी नेते. मी बसते तिच्याजवळ कोर्टात.”

वकिलाच्या घरची बाई कोर्टात जाते म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट होती. मला वाटलं, हे रागावतील. यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “कोर्टाचं दार कोनालेच बंद नसते. ये.”

अशा आम्ही दोघी बायकांच्या डब्यात बसून गेलो. हे पुढच्या डब्यात. भंडाऱ्याला माझ्या मावसबहिणीकडे आम्ही उतरलो, हे नेहमीप्रमाणे डाकबंगल्यावर.

कोर्टाची खोली मला वाटली होती तेवढी मोठी नव्हती. उंच चौथऱ्यावर जज्जसाहेब, नागपूरकडचे, ब्राह्मण असावेत. त्यांच्या बाजूला, निकालाआधी आपलं मत सांगायला नेमलेले दोन पंच. खाली टेबलापाशी हे, काळा कोट घालून. पलीकडे आरोपीच्या बाजूने सरकारनेच नेमून दिलेला एक वकील, नव्या उमेदीचा. आरोपी कठड्यात उभा होता. अंगाने दणकट, पण मान अशी खाली की चेहरा दिसतच नव्हता. म्हातारीने त्याला पाहिलं आणि माझा हात धरला. तो तिने पुढे सोडलाच नाही.

हे उठले. मी यांचा कोर्टातला आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. घरी हे रमतगमत बोलत. इथे एक शब्द इकडचा तिकडे नाही. दोघा भावांचं भरबाजारात भांडण झालं होतं, एका मोहाच्या झाडावरून. ते लोकांनी पाहिलं होतं. दुसऱ्या सकाळी धाकट्याचं प्रेत. डोक्यावर, मानेवर जखमा. थोरल्याच्या कपड्यांवर रक्त, कुऱ्हाडीवर रक्त. आणि मॅजिस्ट्रेटपुढे दिलेली कबुली. ऐकताना माझीच खात्री पटत चालली. मला यांचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी त्या म्हातारीचा हात माझ्या हातात होता. ते कसं होतं, मला सांगता येत नाही.

साक्षी झाल्या. नव्या वकिलाने एकदोन प्रश्न विचारले आणि खाली बसला. मग जज्जसाहेबांनी आरोपीला विचारलं की तुला काय सांगायचं आहे. मध्ये दुभाषी होता. तो लाकडाच्या एका ठेकेदाराचा मुनीम, बाजारापुरती गोंडी येणारा. कबुलीच्या वेळीही तोच होता.

आरोपी बोलायला लागला. बराच वेळ बोलला, हळू, जमिनीकडे पाहत. एकदा त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले, जणू काही उचलून धरलं आहे. तो थांबला तेव्हा दुभाषी हिंदीत म्हणाला, “कहता है, भाई को मैंने मारा. मेरे हाथ से मरा.”

माझ्या शेजारी म्हातारी “नाई, नाई” करत उठली. शिपायाने तिला खाली बसवलं. मी यांच्याकडे पाहिलं. यांचा टाक कागदावर थांबला होता. हे कठड्याकडे बघत होते.

मग हे उठले. आधी इंग्रजीत काही म्हणाले, मग सगळ्यांना कळावं म्हणून तेच हिंदीत म्हणाले. दुभाष्याने जे सांगितलं, ते हा माणूस म्हणाला नाही.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. “तुम्हाला ही भाषा येते?”

“येते, साहेब. आईच्या भाषेच्या आधी हीच आली.”

“मग तो काय म्हणाला?”

“ते मी सांगणं बरोबर नाही. मी फिर्यादी बाजूचा आहे. कोणाच्याच बाजूचा नसलेला, ही भाषा नीट येणारा माणूस बोलवावा आणि याला पुन्हा विचारावं. पण आत्ता लिहिलं गेलं ते चूक आहे. ते मला कळत असताना मी त्याच्या आधारावर याची फाशी मागू शकत नाही.”

यांच्या मागे पोलिसांचा मोठा अंमलदार बसला होता. तो पुढे वाकून, आम्हाला ऐकू येईल इतक्या जोरात म्हणाला, “वकीलसाब, ये क्या कर रहे हैं आप? केस किसका है?”

हे मागे वळले नाहीत.

काम तहकूब झालं. दुसरा दुभाषी शोधायला वेळ लागला. शेवटी जंगलाकडच्या एका शाळेवरचे मास्तर आणले, स्वतः गोंड, मराठी स्वच्छ. त्यांना शपथ दिली. त्यांच्यापुढे आरोपी पुन्हा बोलला, आणि मास्तर एकेक वाक्य थांबवून सांगत गेले.

भांडण झालं होतं, हे खरं. रागाच्या भरात थोरला धाकट्याला म्हणाला होता, उद्या तू एकटाच जा वेचायला, मी येत नाही. रानात एकट्याने मोह वेचायला कोणी जात नाही, कारण फुलांवर अस्वलं येतात. धाकटाही हट्टाचा. पहाटे एकटाच गेला. थोरल्याला अंथरुणात राहवेना. कुऱ्हाड घेऊन तो मागून निघाला. पोचला तेव्हा अस्वल भावाच्या अंगावर होतं. त्याने कुऱ्हाड घातली, अस्वल पळालं. भावाला पाठीवर घेऊन तो गावाकडे चालला. वाटेत पाठीवरच भाऊ गेला.

“तो म्हणतो,” मास्तर म्हणाले, “मी त्याला एकटा जा म्हटलं. माझ्यापायी मेला. माझ्यापायी भाऊ मेला.”

एवढंच होतं ते. ‘माझ्यापायी’चं दुभाष्याने ‘माझ्या हाताने’ करून टाकलं होतं. आणि त्या माणसाला कोणी पुन्हा विचारलं तर तो मान हलवायचा, कारण त्याच्या मनाने तो गुन्हेगारच होता.

प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरला परत बोलावलं. जखमा अस्वलाच्या असू शकतील का, असं त्याला यांनीच विचारलं. डॉक्टर घुटमळला. प्रेत त्याच्याकडे आलं तेव्हा उन्हाने खराब झालं होतं. असू शकतील, म्हणाला. त्यावर यांनी जज्जसाहेबांना सांगितलं की या पुराव्यावर मी शिक्षा मागत नाही. दोन्ही पंच म्हणाले, निर्दोष. जज्जसाहेबही तेच म्हणाले.

म्हातारीला निकाल कोणी समजावून सांगितला नाही. मुलाला कठड्यातून खाली उतरवताना तिने पाहिलं आणि ती तशीच खाली बसली. तेव्हा हे टेबलावरून निघून सरळ आमच्याकडे आले. तिच्यासमोर, काळ्या कोटासकट, फरशीवर उकिडवे बसले आणि तिच्याशी बोलले. पहिल्यांदा. लोक बघत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर टांग्यात मी यांना विचारलं, “त्या दिवशी दारातच तिचं ऐकलं असतं तर एवढं सगळं आधीच नसतं का कळलं?”

“कळलं असतं. पण मग कोर्टात उभं राहून मी बोललो असतो ते कोणी मानलं नसतं. म्हणाले असते, बाईनं रडून वकील फिरवला.” मग म्हणाले, “पण मले सोपं गेलं नाही ते मागल्या दारानं जानं. तुले वाटलं असंल.”

मला तसंच वाटलं होतं. मी पदर सावरून बाहेर बघत राहिले.

पुढे व्हायचं ते झालं. डिप्टी कमिश्नरसाहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य साहेबांनी, बोलावून घेतलं. एकांतात सांगता आलं असतं, भरकोर्टात पोलिसांची शोभा कशाला केली, असं विचारलं. हे म्हणाले, चूक भरकोर्टात झाली, ती तिथेच दुरुस्त करायला हवी होती. मुदत संपल्यावर यांना पुन्हा नेमलं नाही. पेढे घेऊन आलेले लोक पायऱ्या चढेनासे झाले. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं झालं. पोरगा घरी जेवल.”

हे घरी जेवू लागले खरे, पण पडवी रिकामी राहिली नाही. डोंगराकडची माणसं येऊ लागली. कुठून ऐकून येत, देव जाणे. ज्यांनी आयुष्यात कचेरी पाहिली नव्हती ती माणसं दोन-दोन दिवस चालून येत. हे त्यांचे कागद वाचून दाखवत, कोणत्या साहेबासमोर काय बोलायचं ते शिकवत. आणि एक गोष्ट यांनी धरूनच ठेवली. गोंड माणसाचा खटला असेल तर त्याच्या लोकांतलाच, शपथ घेतलेला दुभाषी हवा. या एका मागणीचे अर्ज यांनी इतक्या साहेबांना केले की एकाने हसून विचारलं, तुम्हाला दुसरं काम नाही का. हे म्हणाले, आता नाही. पण शेवटी भंडाऱ्याच्या कोर्टात ती व्यवस्था झाली.

सुटलेला तो थोरला मुलगा पावसाळ्यानंतर म्हातारीला घेऊन आला. आभार वगैरे काही बोलला नाही. गप्प बसून राहिला. हे त्याच्याजवळ दुपारभर बसले. तो हळूहळू बोलायला लागला, मग बोलतच राहिला. मायलेक गेल्यावर मी यांना विचारलं, काय एवढं सांगत होता?

“भावाचं,” हे म्हणाले. “लहानपनी झाडावर कसा चढायचा ते.”

नंतर प्रांतात आपल्या लोकांचं राज्य आलं आणि नव्या मंत्र्यांनी यांना पुन्हा सरकारी वकील व्हाल का म्हणून विचारलं. सगळ्यांना वाटलं, हे आता नाही म्हणतील. मलाही वाटलं. एकदा अपमान झाला तिथे पुन्हा कशाला? यांनी हो म्हटलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, “आरोपीचा वकील कितीही ओरडला तरी लोक म्हणतेत, तो त ओरडनारच. फिर्यादीचा मानूस ‘थांबा’ म्हणाला तर थांबावंच लागते.” मग पाय थकेपर्यंत त्यांनी ते काम केलं. पुष्कळांना शिक्षाही झाल्या. त्या झाल्याच पाहिजेत, असं यांना वाटे, आणि तसं ते बोलूनही दाखवत. पोलिस यांना पूर्वीपेक्षा जास्त भीत आणि जास्त मान देत.

देश स्वतंत्र झालेला यांनी पाहिला आणि त्याच वर्षी थंडीत ते गेले. आमचं शेवटचं एकत्र बाहेर जाणं म्हणजे त्याच वर्षाच्या सुरुवातीची, गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या देवळातली महाशिवरात्र. हे फारसे देव-देव करणारे नव्हते. माझ्यासाठी आले. गुडघे दुखत होते म्हणून देवळाबाहेर पायऱ्यांवर बसले, मी रांगेत गेले. दर्शन घेऊन परत आले तर यांच्याभोवती घोळका. दोन गाडीवानांची बैल कुठे बांधायचे यावरून जुंपली होती, आणि कोणीतरी सांगितलं होतं की हे वकीलसाब आहेत. एकजण आपल्या बैलाच्या स्वभावाबद्दल सांगत होता, ते संपेना. मी म्हटलं, “चला, ऊन चढून राहिलं.”

“थांब जराशीक,” हे म्हणाले. “याचं होऊ दे.”

मी प्रसादाची पुडी पदराला बांधली आणि खालच्या पायरीवर बसले.